'कोल्हापूर' नावाचे इंजिन
विलायतेतील 'ज्युबिली' वर्गाचा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी रेल्वेच्या इंजिनांवरील लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु ज्या इंजिनांविषयी येथे लिहावयाचे आहे त्यांचे कुलनामच 'ज्युबिली' असे आहे, आणि त्यांतील एकाच्या अंगावर आजही पितळी अक्षरांत 'कोल्हापूर' हे नाव आहे. एवढा दाखला महोत्सवाच्या मांडवात प्रवेश मिळवण्यास पुरेसा ठरावा.

'ज्युबिली' हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडे आणला, पण तो मूळचा त्यांचा नव्हे. हिब्रू भाषेत मेंढ्याच्या शिंगाला 'योबेल' म्हणत. ज्यू लोकांच्या प्राचीन धर्मशास्त्राप्रमाणे पन्नासाव्या वर्षी हे शिंग फुंकले जाई, दासांना मुक्त केले जाई आणि गहाण पडलेल्या जमिनी मूळ कुळांकडे परत जात. म्हणजे ज्युबिली हे मुळात पन्नासावे वर्षच. रौप्य, सुवर्ण, हीरक ही विशेषणे मागाहून जोडली गेली. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा मुंबईत बोरीबंदरच्या भव्य स्थानकाला तिचे नाव मिळाले आणि त्याच निमित्ताने व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुढे दोन्ही नावे बदलली. स्थानक छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. संस्थेला वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले, आणि जुनी आद्याक्षरेही तशीच टिकली. नावे कशी चढतात, कशी उतरतात आणि काही वेळा कशी चिकटून राहतात, हाच या लेखाचाही एक विषय आहे.

मोठी कंपनी, लहान इंजिने

पहिल्या महायुद्धानंतर विलायतेतील शंभरावर लहानमोठ्या रेल्वे कंपन्यांचे कायद्याने चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले. १ जानेवारी १९२३ रोजी ही नवी व्यवस्था अमलात आली. चौघींत आकाराने सर्वांत मोठी होती ती लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वे, म्हणजेच एल.एम.एस. लंडनपासून स्कॉटलंडच्या उत्तर टोकापर्यंत तिचे जाळे पसरले होते. वारशाने तिच्याकडे दहा हजारांहून अधिक इंजिने आली. ती शेकडो निरनिराळ्या वर्गांची होती. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालेना. प्रत्येक जुन्या कंपनीचा कारखाना वेगळा आणि त्याचा अभिमानही वेगळा.

त्यांत डर्बी आणि क्रू या दोन कारखान्यांतील स्पर्धा तर जगजाहीर होती. डर्बी हे जुन्या मिडलंड रेल्वेचे केंद्र. या रेल्वेचे धोरण लहान इंजिने आणि हलक्या, पण वारंवार सुटणाऱ्या गाड्या असे होते. आपल्या प्रदेशापुरते ते ठीक होते, पण एकत्रीकरणानंतर तेच धोरण साऱ्या कंपनीवर लादले गेले, आणि लंडन ते ग्लासगो या मार्गावरील जड गाड्यांना दोन-दोन इंजिने जोडण्याची पाळी येऊ लागली. दोन इंजिने म्हणजे दोन चालक, दोन फायरमन आणि दुप्पट कोळसा. १९२७ मध्ये 'रॉयल स्कॉट' वर्गाची ५० मोठी इंजिने ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीकडून घाईघाईने बांधून घेण्यात आली, तेव्हा निकड काहीशी भागली. त्यापाठोपाठ 'पेट्रियट' वर्गाची मध्यम आकाराची इंजिने आली. तरीही एकसूत्री धोरण असे नव्हतेच.

कंपनीची सूत्रे तेव्हा सर जोसाया स्टँप या ख्यातनाम अर्थशास्त्रज्ञाकडे होती. कारखान्यांतील जुने तंटे मिटवायचे, तर यंत्रविभागाचा प्रमुख बाहेरचा हवा, हे त्यांनी ओळखले. त्यांनी प्रतिस्पर्धी ग्रेट वेस्टर्न रेल्वेतील विल्यम स्टॅनियर यांना पाचारण केले. स्टॅनियर यांचा जन्म १८७६ चा, स्विंडनचा. वडीलही त्याच रेल्वेत नोकरीला. त्यांची स्वतःची उमेदवारी आणि पुढची सारी चाकरी ग्रेट वेस्टर्नमध्येच झाली. १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी एल.एम.एस.चा कार्यभार स्वीकारला, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. आपल्याकडे सरकारी नोकर ज्या वयात निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांची जुळवाजुळव करू लागतो, त्या वयात या गृहस्थांनी परक्या कचेरीत जाऊन आयुष्यातील सर्वांत मोठे काम हाती घेतले.

अपेक्षाभंग आणि दुरुस्ती

स्टॅनियर यांनी थोडे पण निवडक वर्ग ठरवून त्यांची मोठ्या संख्येने बांधणी करण्याचा निश्चय केला. जलद प्रवासी गाड्यांसाठी मध्यम ताकदीच्या ज्या इंजिनांची योजना झाली, तीच पुढे 'ज्युबिली' म्हणून ओळखली गेली. पुढे चार लहान चाके, मागे सहा मोठी चाके, तीन सिलिंडर, चालक चाकांचा व्यास पावणेसात फूट, आणि बॉयलरमधील दाब दर चौरस इंचाला २२५ पौंड, असे त्यांचे स्वरूप होते. बॉयलर पुढच्या अंगाला निमुळता होत गेलेला. हे स्विंडनचे घराणे दाखवणारे ठळक लक्षण. १९३४ ते १९३६ या काळात एकूण १९१ इंजिने बांधली गेली. त्यांपैकी १३१ क्रूला, १० डर्बीला आणि ५० ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीत. त्यांचे क्रमांक ५५५२ ते ५७४२ असे होते. रंग गडद किरमिजी.

नमुन्यादाखल एक-दोन इंजिने बांधून, ती चालवून पाहून मग मागणी नोंदवावी, ही सावधगिरी या वेळी बाळगली गेली नाही. शंभराहून अधिक इंजिनांची मागणी केवळ नकाशांच्या आधारे नोंदवली गेली, आणि १९३४ मध्ये ती रुळांवर येताच तक्रारी सुरू झाल्या. इंजिने पुरेशी वाफ धरीनात. चढावर दाब उतरे, वेळापत्रक कोलमडे. फायरमन घामाघूम होऊन कोळसा टाकत राही आणि दाबमापकाचा काटा मात्र खालीच येई. ज्या जुन्या 'पेट्रियट' इंजिनांहून ही सरस ठरायची होती, ती जुनीच बरी असे चालक उघड म्हणू लागले.

दोष कोठे होता हे समजण्यासाठी वाफेच्या इंजिनाचा एक गुणधर्म ध्यानात घेतला पाहिजे. सिलिंडरांत काम करून बाहेर पडणारी वाफ एका नळीतून धुराड्यात जोराने सोडलेली असते. तिच्या ओढीने धुराच्या पेटीतील हवा बाहेर खेचली जाते आणि भट्टीतील निखाऱ्यांतून ताजी हवा आत येते. म्हणजे इंजिन जितके जास्त राबेल तितकी भट्टी जास्त फुलते. हे आपोआप साधणारे संतुलन नळीचे तोंड आणि धुराडे यांच्या मापांवर अवलंबून असते. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे चार जोरदार फूत्कार सुटतात. तीन सिलिंडरांच्या इंजिनात सहा, पण त्यामानाने सौम्य. एकाची मापे दुसऱ्याला चालत नाहीत.

दुसरी गोष्ट वाफ पुन्हा तापवण्याची. बॉयलरमधून निघालेली ओलसर वाफ सिलिंडरच्या थंड भिंतींना लागताच तिचे काही अंशी पाणी होते व शक्ती वाया जाते. म्हणून ती सिलिंडरांकडे नेताना बारीक नळ्यांतून पुन्हा तापवतात. त्या यंत्रणेला सुपरहीटर म्हणतात. ग्रेट वेस्टर्नमध्ये अशा तापवणीचे प्रमाण कमी ठेवण्याची रीत होती. तेथे वेल्सच्या खाणींतला उत्तम कोळसा मिळे, आणि तेथील सारी व्यवस्था त्या कोळशाच्या भरवशावर उभी होती. स्टॅनियर यांनी तीच रीत सोबत आणली. एल.एम.एस.चा कोळसा वेगळा, चढ वेगळे आणि कामाची पद्धतही वेगळी. एका कचेरीत चोख चाललेला नियम दुसऱ्या कचेरीत जसाच्या तसा लावला की काय घडते, याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

स्टॅनियर यांचे मोठेपण येथे दिसते. प्रमुखपद आपले, योजना आपली, मागणी आपल्या सहीने गेलेली. अशा वेळी दोष चालकांवर किंवा कोळशावर ढकलणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. चाचण्या घेतल्या, आकडे मागवले आणि आकडे जे सांगत होते ते मान्य केले. वाफ सोडणाऱ्या नळीचे तोंड अरुंद करण्यात आले. सुपरहीटरच्या घटकांची संख्या १४ वरून वाढवत नेऊन २४ करण्यात आली. पुढच्या बॉयलरांत नळ्यांची रचना बदलली व भट्टीची जाळी मोठी झाली. स्विंडनच्या शिकवणीतील जे येथे लागू पडत नव्हते ते त्यांनी निमूटपणे बाजूला ठेवले. १९३७ च्या ऑक्टोबरात ५६६० क्रमांकाच्या 'रुक' या इंजिनाने ब्रिस्टल ते ग्लासगो आणि परत अशी चाचणी-फेरी केली, आणि वाटेत सेटल ते कार्लाइल या अवघड डोंगरी मार्गावरही उत्तम वेग राखला. तीन वर्षांपूर्वी ज्या वर्गाची कुचेष्टा होत होती, त्या वर्गातील इंजिनाची ही कामगिरी होती.

नामकरण

ही इंजिने प्रथम नामाविनाच धावू लागली. १९३५ मध्ये राजे पंचम जॉर्ज यांच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षे होत होती. रौप्यमहोत्सवाचा दिवस ६ मे हा ठरला होता. त्याआधी आठवडाभर, २९ एप्रिलला, वर्गातील पहिल्या क्रमांकाच्या ५५५२ या इंजिनाला 'सिल्व्हर ज्युबिली' असे नाव देण्यात आले. वस्तुतः या मानासाठी नुकतेच बांधून झालेले ५६४२ हे इंजिन घेतले होते. त्याने पहिल्या इंजिनाशी आपल्या क्रमांकाची अदलाबदल केली, आणि ही अदलाबदल कायमची ठरली. त्याला झळझळीत काळा रंग आणि क्रोमियमचा मुलामा दिलेले उठावाचे आकडे होते. याच नावावरून सारा वर्ग 'ज्युबिली' ठरला. प्रतिस्पर्धी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनेही त्याच वर्षी सप्टेंबरात लंडन ते न्यूकॅसल अशी 'सिल्व्हर ज्युबिली' नावाची अतिजलद गाडी सुरू केली. महोत्सव राजाचा, आणि जाहिरातीची चढाओढ कंपन्यांची.

पुढे उरलेल्या इंजिनांनाही नावे देण्यात आली. आरंभीच्या क्रमांकांना साम्राज्यातील देश, प्रांत आणि वसाहती यांची, आणि त्यानंतरच्यांना नौसेनापती, आरमारी लढाया आणि युद्धनौका यांची. कॅनडा, क्विबेक, ऑस्ट्रेलिया, टास्मानिया, न्यूझीलंड असे करीत ही यादी ५५७४ या क्रमांकावर 'इंडिया'ला येऊन पोहोचते. तेथून ५५९४ पर्यंत सलग एकवीस इंजिने हिंदुस्थानच्या वाट्याची आहेत.

ही यादी लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. प्रथम 'इंडिया'. मग दहा प्रांत : मद्रास, बॉम्बे, बेंगॉल, युनायटेड प्रॉव्हिन्सेस, पंजाब, बर्मा, बिहार अँड ओरिसा, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, आसाम आणि नॉर्थ वेस्ट फ्रंटियर. त्यानंतर दहा संस्थाने : हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, काश्मीर, ग्वाल्हेर, त्रावणकोर, उदेपूर, इंदूर, कोल्हापूर आणि भोपाळ.

संस्थानांचा हा क्रम वर्णानुक्रम नव्हे, भूगोलाचाही नव्हे. तो तोफांचा आहे. ब्रिटिश अमलात संस्थानिकाचा दर्जा त्याला मिळणाऱ्या सलामीच्या तोफांवरून मोजला जाई. एकवीस तोफांचा सर्वोच्च मान पाच संस्थानांना होता : हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, काश्मीर व ग्वाल्हेर. नेमकी हीच पाच ५५८५ ते ५५८९ या क्रमांकांवर आहेत. त्याखालोखाल एकोणीस तोफांचा मान सहा संस्थानांना होता. त्यांतील बलुचिस्तानातले कलात वगळता बाकीची पाचही ५५९० ते ५५९४ या क्रमांकांवर आहेत. हिंदुस्थानातील दरबारी मानपानाचा तक्ता अशा रीतीने इंग्लंडमधील रेल्वेच्या नोंदवहीत उतरला.

या दहांत चार मराठ्यांची राज्ये आहेत : गायकवाडांचे बडोदा, शिंद्यांचे ग्वाल्हेर, होळकरांचे इंदूर आणि छत्रपतींचे कोल्हापूर. त्यांत मुंबई इलाखा, नागपूर-जबलपूरचा मध्य प्रांत आणि मराठवाडा पोटात घेतलेले हैदराबाद मिळवले, तर मराठी बोलणारी माणसे पिढ्यान् पिढ्या जेथे नांदत होती अशा सात मुलखांची नावे या पाट्यांवर येतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही यादी जवळची वाटते ती यामुळे. मराठी माणसाचा त्या काळचा पसारा तिच्यात आपोआप नोंदला गेला आहे.

आणखी एक योगायोग येथे नमूद केला पाहिजे. १९३५ च्या कायद्याने ब्रिटिश प्रांत आणि देशी संस्थाने मिळून एक संघराज्य व्हावयाचे होते. पुरेशी संस्थाने त्यात सामील झाली नाहीत आणि ते संघराज्य अस्तित्वात आलेच नाही. कायद्याच्या पुस्तकात जी गोष्ट कोरडीच राहिली, ती एल.एम.एस.च्या यादीत मात्र साध्य झाली होती. तेथे 'इंडिया'च्या पाठोपाठ प्रांत आणि संस्थाने एका ओळीत उभी होती, आणि कोणाची कोणाविषयी कुरकुर नव्हती.

राज्ये गेली, पाट्या राहिल्या

ज्या राजाच्या महोत्सवासाठी हा खटाटोप झाला, ते पंचम जॉर्ज २० जानेवारी १९३६ रोजी निधन पावले. १ एप्रिल १९३६ रोजी ओरिसा बिहारपासून वेगळा झाला आणि 'बिहार अँड ओरिसा' ही पाटी जुनी झाली. वर्षभराने ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा काढण्यात आला. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. बंगाल व पंजाब दुभंगले आणि सरहद्द प्रांत पाकिस्तानात गेला. ग्वाल्हेर आणि इंदूर १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर आणि १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात आले. १९५० मध्ये संयुक्त प्रांताचे उत्तर प्रदेश आणि मध्य प्रांताचे मध्य प्रदेश झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले गेले. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग होऊन महाराष्ट्र जन्मास आला. त्या दिवशी 'बॉम्बे' नावाचे इंजिन इंग्लंडमध्ये नेहमीप्रमाणे सेवेत होते.

नावे बदलण्याची प्रथा तेथे नव्हती असे नाही. 'आयरिश फ्री स्टेट'चे 'एअर' झाले. दुसऱ्या महायुद्धात माल्टा बेटाला जॉर्ज क्रॉस मिळाला, तेव्हा 'माल्टा'च्या पाटीवर ती पदवीही चढली. गोल्ड कोस्ट स्वतंत्र होऊन घाना झाला, तेव्हा १९५८ मध्ये 'गोल्ड कोस्ट' इंजिनाचेही 'घाना' झाले. हिंदुस्थानच्या एकवीस पाट्यांना मात्र कोणी हात लावला नाही. सरकारी राजपत्रातील एका अधिसूचनेने राज्याचे नाव रातोरात बदलते. पितळेत ओतलेले अक्षर असे बदलत नाही. त्यामुळे जी राज्ये हिंदुस्थानच्या नकाशावर उरली नव्हती, ती लीड्स, शेफील्ड आणि डर्बीच्या फलाटांवर रोज येत-जात राहिली. १९४२ पासून इयान ॲलन यांच्या इंजिन-क्रमांकांच्या छोट्या पुस्तिका निघू लागल्या. त्या हातात घेऊन फलाटावर उभी राहणारी हजारो इंग्रज मुले पाहिलेल्या इंजिनापुढे खूण करीत. कोल्हापूर हे नाव त्यांतील कित्येकांना प्रथम भेटले ते शाळेच्या भूगोलात नव्हे, तर या पुस्तिकेत.

कोल्हापूरकरांना मात्र हे इंजिन आपल्या गावी कधीच दिसू शकले नसते. मिरज ते कोल्हापूर हा कोल्हापूर संस्थानचा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला तो मीटर गेजचा. विलायतेतील रूळ चार फूट साडेआठ इंचांच्या अंतराचे. आपले मीटर गेज त्याहून अरुंद, आणि साडेपाच फुटांचे ब्रॉड गेज त्याहून रुंद. इंदूरलाही तेव्हा मीटर गेजच होते. त्यासाठी तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. बडोदे आणि ग्वाल्हेर येथे मुख्य मार्ग ब्रॉड गेजचे, आणि संस्थानांचे स्वतःचे फाटे नॅरो गेजचे. ज्या राज्यांची नावे त्या इंजिनांनी मिरवली, त्यांतील एकाही राज्याच्या रुळांवर त्यांची चाके बसली नसती.

सेवा आणि अखेर

युद्धकाळात या इंजिनांनी विश्रांती पाहिली नाही. डागडुजीला माणसे अपुरी, दिवे मंद, रंग काजळीने झाकलेला, आणि गाड्या पूर्वीपेक्षा कितीतरी जड. १९४२ मध्ये 'कॉमेट' आणि 'फिनिक्स' या दोन इंजिनांवर मोठे बॉयलर चढवले गेले. तो प्रयोग यशस्वी झाला आणि त्याच धर्तीवर 'रॉयल स्कॉट' वर्गाची पुनर्बांधणी झाली. १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर क्रमांकांत ४०,००० मिळवण्यात आले. ५५९३ चे 'कोल्हापूर' आता ४५५९३ झाले. किरमिजी रंग जाऊन हिरवा आला.

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकापासून लेस्टर, डर्बी, शेफील्ड, लीड्सकडे जाणाऱ्या मिडलंड मार्गावरील जलद गाड्यांची भिस्त बरीच वर्षे या वर्गावर होती. लीड्सच्या पुढे सेटल ते कार्लाइल हा १८७६ चा मार्ग पेनाइन डोंगररांगेतून जातो. शंभर फुटांना एक फूट असा मैलोन् मैल चढ, चोवीस कमानींचा रिबलहेडचा पूल आणि एस गिल येथे समुद्रसपाटीपासून ११६९ फुटांवरचा माथा. आपल्या बोरघाटाच्या मानाने हा चढ सौम्य भासेल, पण घाटाप्रमाणे येथे मागून ढकलणाऱ्या इंजिनाची सोय नसे. एकट्या इंजिनाने आणि दोन माणसांनी तो पार करावयाचा असे.

या वर्गाच्या वाट्याला एक भीषण दिवसही आला. ८ ऑक्टोबर १९५२ रोजी सकाळी लंडनजवळ हॅरो अँड वील्डस्टोन स्थानकात उभ्या असलेल्या स्थानिक गाडीवर पर्थहून आलेली रात्रीची गाडी आदळली. क्षणभरातच त्या ढिगाऱ्यावर समोरून दोन इंजिनांची जलद गाडी कोसळली. त्या दोहोंतील एक 'विंडवर्ड आयलंड्स' हे ज्युबिली वर्गाचे होते. ११२ माणसे मृत्युमुखी पडली. इंजिन दुरुस्तीपलीकडे गेले होते, ते मोडीत काढण्यात आले. धोक्याचा सिग्नल जवळ येताच चालकाला सावध करणारी यंत्रणा देशभर बसवण्याच्या कामाला या अपघातानंतर जोर आला.

१९५५ मध्ये रेल्वेच्या आधुनिकीकरणाची योजना जाहीर झाली आणि डिझेल व विजेची इंजिने येऊ लागली. १९६० पासून ज्युबिली इंजिने सेवेतून काढली जाऊ लागली. 'इंडिया' गेले, 'बॉम्बे' गेले, 'बडोदा', 'ग्वाल्हेर', 'इंदूर' सारी भंगाराच्या भावाने गेली. १९६७ च्या उन्हाळ्यात लीड्सच्या होलबेक शेडमध्ये शेवटची मोजकी उरली होती. त्यांपैकी 'अल्बर्टा', 'कोल्हापूर' आणि 'अकिलीज' या तिघांनी त्या हंगामात शनिवारच्या जादा गाड्या सेटल-कार्लाइल मार्गाने ओढल्या. लांबलांबून माणसे डोंगरउतारांवर छायाचित्रे घेण्यासाठी जमत. त्या वर्षअखेरीस वर्ग संपला. १९६८ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेवरील नेहमीच्या मार्गांवर वाफेचाही शेवट झाला.

आपल्या रुळांशी असलेले नाते

नावापलीकडेही या वर्गाच्या जनकाचा हिंदुस्थानशी संबंध आला. १९३७ च्या जुलैमध्ये पाटण्याजवळ बिहटा येथे जलद गाडी रुळांवरून घसरली आणि शंभरावर लोक प्राणास मुकले. गाडीला एक्सबी वर्गाचे इंजिन होते. या जातीची इंजिने वेगात डोलतात आणि रूळ वाकडे करतात अशा तक्रारी पूर्वीपासून होत्या. चौकशीसाठी कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली गेली, आणि तिचे एक सदस्य म्हणून स्टॅनियर १९३८ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले. आपल्याच इंजिनांचे दोष निरखून सुधारण्याचा धडा ज्यांनी गिरवला होता, त्यांच्यापुढे आता दुसऱ्यांच्या इंजिनांचे दोष होते. त्या जुन्या इंजिनांच्या अनुभवातून शिकूनच पुढे आपल्या डब्ल्यूपी वर्गाची आखणी झाली. पहिली सोळा डब्ल्यूपी इंजिने १९४७ मध्ये अमेरिकेहून आली, आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या मेल व एक्स्प्रेस गाड्या त्यांनीच ओढल्या. स्टॅनियर यांना १९४३ मध्ये 'सर' हा किताब आणि १९४४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. १९६५ मध्ये ते वारले.

'कोल्हापूर' जेथे घडले त्या ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीचेही आपल्या देशाशी जुने नाते होते. हिंदुस्थानातील रेल्वेंना तिने असंख्य इंजिने पुरवली. स्वातंत्र्यानंतर मालगाड्यांसाठी आखलेल्या डब्ल्यूजी वर्गाची पहिली इंजिनेही तिनेच बांधली. त्याच वर्गाचे 'देशबंधू' हे इंजिन १९५० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा आपल्या देशात राष्ट्रीय पातळीवर इंजिन बांधणीचा आरंभ झाला. पुढे बारा वर्षांतच, १९६२ मध्ये, ग्लासगोची ती कंपनी बंद पडली.

उरलेली चार

१९१ ज्युबिली इंजिनांपैकी आज चार शिल्लक आहेत : 'कोल्हापूर', 'बहामाज', 'लिअँडर' आणि 'गॅलेटिया'. शेवटची दोन वेल्समधील बॅरी येथील भंगाराच्या आवारात वर्षानुवर्षे गंजत पडली होती. 'गॅलेटिया'चे तर एक चाकही कापलेले होते, आणि 'लिअँडर'ला सुटे भाग मिळावेत एवढ्यासाठी ते विकत घेतले गेले. पुढे त्याचाही जीर्णोद्धार होऊन २०१३ मध्ये ते मुख्य मार्गावर परतले. 'बहामाज' एका हौशी संस्थेने १९६७ मध्येच घेतले. 'कोल्हापूर'ही त्याच वर्षी सेवेतून निघताच बर्मिंगहॅममधील टाइझली येथील वाफेच्या इंजिनांच्या जतनाला वाहून घेतलेल्या मंडळींनी घेतले, आणि भट्टीत वितळण्याची पाळी त्याच्यावर आली नाही.

या चारही इंजिनांना वाचवले ते कोणत्याही सरकारने नव्हे. वर्गणी काढून, सुटीच्या दिवशी हात काळे करून, वर्षानुवर्षे गंज खरवडत बसणाऱ्या सामान्य माणसांनी ते केले. त्यांत कारकून होते, शिक्षक होते, निवृत्त फायरमनही होते. गणेशोत्सवाची वर्गणी, वाचनालयाची कपाटे, सभागृहाच्या छपराची गळती यांत आयुष्याची संध्याकाळ घालवणाऱ्या आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना त्या मंडळींची धडपड निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

हिंदुस्थानच्या नावाने धावलेल्या एकवीस इंजिनांपैकी वीस नाहीशी झाली. हैदराबाद, म्हैसूर, काश्मीर यांना तोफांचा मान अधिक होता, आणि 'इंडिया' तर यादीच्या शिरोभागी होते. त्यांतले एकही उरले नाही. उरले ते एकोणीस तोफांच्या यादीतील, शेवटून दुसऱ्या क्रमांकाचे कोल्हापूर. त्या पाटीवरील अक्षरे रोमन आहेत, आणि ती घासूनपुसून लखलखीत ठेवणारे हात परक्यांचे आहेत. परंतु इंग्लंडला जाणाऱ्या आपल्या मुलानातवंडांनी सवड काढून त्या इंजिनाची चौकशी करावी, आणि भेट घडलीच तर आसपासच्या मंडळींना त्या नावाचा खरा उच्चार एकदा म्हणून दाखवावा.